जत्रेचा हंगाम : पाऊस, भात आणि रात्रभरचं नाटक

आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत 'उष्ण कटिबंधातील प्रादेशिक कला व उत्सव : एक आस्वाद' असं छापलं आहे. नाव जरा भारदस्त झालं, दोष आमचाच. सगळा उष्ण कटिबंध तासाभरात उरकणं कुणालाच शक्य नाही, आम्हाला तर नाहीच. म्हणून आम्ही एक चिंचोळी पट्टी निवडली आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली, मालवण-वेंगुर्ल्यापासून सुरू होऊन गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर करत खाली कण्णूरपर्यंत जाणारी. आणि त्या पट्टीतही आमचा मुक्काम मुख्यतः दक्षिण कोकणात, दशावताराच्या मांडवात राहणार आहे. बाकीच्या गावांना जाता जाता भेट देऊ.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. आम्ही पहिल्यांदा जत्रेतला दशावतार बघायला गेलो तेव्हा शहरी सवयीप्रमाणे वेळ विचारली. उत्तर आलं, "रातीक." आम्ही साडेआठला जाऊन पुढची जागा धरून बसलो. देवळाच्या आवारात दोन माणसं भजीचं तेल तापवत होती, खाज्याची दुकानं लागत होती, आणि नाटकाचा कुठे पत्ताच नव्हता. दहाला गर्दी झाली, ती ओटी भरायला. बाराला पालखी निघाली. पालखीच्या प्रदक्षिणा झाल्या, गाऱ्हाणी झाली, आणि नाटकाचा पखवाज वाजला तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तीनच्या सुमारास आम्ही बसल्या जागी झोपलो. शेजारच्या आजींनी कोपर मारून उठवलं, "निजतास काय? युद्ध सुरू झाला!" त्या स्वतः तासभर झोपून नेमक्या युद्धाला उठल्या होत्या. कधी झोपायचं आणि कधी उठायचं हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. आस्वाद हा शब्द आम्ही पत्रिकेत लिहून दिला तो त्या आजींच्या आठवणीने.

आता प्रश्न असा, की हे नाटक रात्रीच का, आणि थंडी-उन्हाळ्यातच का? कार्तिक पौर्णिमेच्या आसपास सुरू होणारा हा हंगाम वैशाखाच्या शेवटाला, मिरगाच्या आधी संपतो. त्याच्या पलीकडे पेटारा बंद. हे कुणी ठरवलं? पंचांगाने ठरवलं असं गावात सांगतात, आणि ते खोटं नाही. पण पंचांगाच्या मागे आणखी कोणी उभं आहे.

थंड मुलखातले सण बघा. तिथे वर्षाचा कणा म्हणजे उजेड. दिवस लहान होतात, मोठे होतात, बर्फ पडतो, वितळतो, त्या बेताने माणसं जमतात. आपल्याकडे उजेडाची अशी टंचाई कधीच नसते. आपल्याकडे वर्षाचे खरे भाग दोनच : पाऊस आहे, आणि पाऊस नाही. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वर आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत उघड्यावर काही करायचं म्हटलं तर शेतीच करता येते. नाटक नाही.

पण नुसता पाऊस थांबला म्हणून नाटक सुरू होत नाही. भात कापावं लागतं. मृगाच्या आगेमागे पेरणी, आषाढात लावणी, आणि आश्विन-कार्तिकात कापणी, झोडणी. कोजागिरीला कोकणात नव्याची पुनव म्हणतात, नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधतात. त्यानंतर पंधरा-वीस दिवस घरात कुणाला बोलायला फुरसत नसते. आणि मग एकदम तीन गोष्टी मोकळ्या होतात. माणसं मोकळी होतात, कणगीत भात येतं, आणि मळे कोरडे पडतात. या तिसऱ्या गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. जत्रेला दुकानं लावायला, गाड्या सोडायला, हजारो माणसं उभी करायला सपाट जमीन लागते, आणि डोंगरउताराच्या कोकणात सपाट जमीन म्हणजे भाताचा मळा. जुलैत तिथे गुडघाभर चिखल. डिसेंबरात तिथेच जत्रेचा बाजार.

चौथी गोष्ट म्हणजे वाट. रेल्वे १९९८ साली पुरती सुरू झाली, रस्त्यांवरचे खाड्यांचे पूल त्याच्या आधीच्या काही दशकांतले. त्याच्याही आधी मुंबईहून कोकणात यायचं ते बोटीने, आणि बोटी पावसाळ्यात बंद. समुद्र शांत झाला की पुन्हा चालू. गिरणगावातला चाकरमानी गावच्या जत्रेला येणार तो या मोकळ्या हंगामातच. जत्रेची वर्गणी, देवळाच्या जीर्णोद्धाराचे पैसे, नवसाची साडी, सगळं त्याच्याबरोबर बोटीतून उतरायचं. तेव्हा कोकणातली जत्रा ही नुसती गावाची होती असं समजू नका. शंभर वर्षांहून जास्त काळ तिच्यात मुंबईचा पगार मिसळलेला आहे.

आता तिथींकडे या. प्रत्येक गावाची जत्रा वेगळ्या दिवशी. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माऊलीची त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, जिथे नवसाची लोटांगणं घालतात. देवगडकडे कुणकेश्वराची महाशिवरात्रीला. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला तर तिथीच नाही. पारध होते, देवीचा कौल घेतात, आणि मग तारीख जाहीर होते. एका गावाची जत्रा आज, शेजारच्याची परवा, पलीकडच्याची आठवड्याने. याच्यामागे दैवी कारणं सांगितली जातात, त्यांच्यात आम्ही पडत नाही. पण परिणाम बघा. या गावाला त्या गावचं पाहुणं जाता येतं, खाजेवाल्याला रोज नवा बाजार मिळतो, आणि दशावताराच्या मंडळाला सलग पाच-सहा महिने रोज रात्री एक प्रयोग मिळतो. सगळ्या जत्रा एकाच पौर्णिमेला असत्या तर दशावतारी नट हा धंदाच उभा राहिला नसता. वर्षातून एक रात्र नाचणारे हौशी खूप झाले असते, पण हातात लिखित संहिता नसताना रात्रभर पुराण बोलणारा नट तयार व्हायला दीडशे-दोनशे रात्रींचा सराव लागतो. तो सराव त्याला या विखुरलेल्या तिथींनी दिला.

हो, संहिता नसते. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाटकाचे दोन भाग. पहिला पूर्वरंग, याला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते. मग संकासुर, काळ्या कपड्यातला, वेद चोरणारा. तो असुर असून सगळ्यांचा लाडका, कारण तो मालवणीत बोलतो आणि वाटेल त्याची टिंगल करतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. म्हणजे नाव दशावतार, पण दहा अवतार काही दाखवत नाहीत. दुसरा भाग आख्यान. महाभारत, रामायण किंवा पुराणातली एखादी कथा. कोणती, ते पुष्कळदा त्याच दिवशी ठरतं. मंडळाचा मालक नटांना कथा सांगतो, कोण कोणाला कधी भेटणार ते सांगतो, आणि रंगायला बसवतो. रंगभूषा ज्याची त्याने करायची. बायकांची कामं पुरुषच करतात. रंगमंच म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तेच अंतःपुर. संगीताला पायपेटी, पखवाज आणि झांज. पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून याचं दुसरं नाव दहीकाला. गोव्यात धयकालो म्हणतात.

राजा आणि देव शुद्ध पुराणी मराठीत बोलतात, संस्कृत शब्दांनी ठासून भरलेल्या. नोकर, संकासुर, विनोदी माणसं मालवणीत. या दोन मराठींच्या टकरीतून हशा निघतो. आम्हाला विचाराल तर दशावताराचं निम्मं सौंदर्य या टकरीत आहे, आणि भाषांतरात सर्वांत आधी तेच गळतं.

याच नटांबद्दल कोकणात एक म्हण आहे : रातीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा. रात्रभर ज्याने इंद्राचं राज्य चालवलं तो पहाटे रंग पुसून पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालू लागायचा. आज टेम्पो असतो. पण म्हणीतली थट्टा कुणाची आहे याचा विचार करा. ती गावाने केलेली आहे, त्याच गावाने ज्याने रात्री त्या राजाला टाळ्या दिल्या.

या कलेचं वय किती? एक साल नेहमी सांगितलं जातं, १७२८. शामजी नाईक काळे यांनी तेव्हा दशावतार कोकणात आणला अशी परंपरा आहे. परंपरेचा आदर करून आम्ही एवढंच म्हणतो, की रामदासांच्या दासबोधात दशावताराच्या खेळाचा उल्लेख आहे. सुंदर दिसणाऱ्या बायका म्हणजे खरे कसे दांडगे पुरुष असतात यावर समर्थांनी तिथे बोट ठेवलं आहे. दासबोध सतराव्या शतकातला. म्हणजे १७२८च्या आधी हा खेळ मराठी माणसाला इतका परिचित होता की त्याचा दाखला दिला तर श्रोत्याला कळत असे. मग १७२८ खोटं का? तसं म्हणायची गरज नाही. ते एखाद्या घराण्याच्या, एखाद्या धाटणीच्या सुरुवातीचं साल असू शकतं. आपल्याकडे इतिहासात 'जनक' शोधायची फार हौस असते. लोककलेला जनक एक नसतो, हंगाम मात्र असतो, आणि हंगामाचा पुरावा जास्त टिकाऊ असतो.

तो पुरावा आता किनाऱ्याने खाली उतरत बघू.

उत्तर आणि दक्षिण कन्नडमध्ये यक्षगान आहे. त्याचं एक जुनं नाव बयलाट. बयलु म्हणजे मोकळं शेत, आट म्हणजे खेळ. शेतातला खेळ. बघा, नावातच जमीन कोरडी आहे. तिथल्या मंडळांना मेळ म्हणतात, बहुतेक मेळ देवळांचे, आणि कुणी नवस फेडायला खेळ लावतो त्याला हरकेय आट म्हणतात, हरके म्हणजे नवस. कटीलसारख्या देवळाच्या मेळांकडे नवसाच्या खेळांची नोंदणी पुढच्या कित्येक वर्षांची झालेली असते. हे मेळ साधारण नोव्हेंबरात बाहेर पडतात. आणि परत कधी येतात? तुळू पंचांगात बेश महिन्याच्या दहाव्या दिवसाला पत्तनाजे म्हणतात, तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या दिवशी घुंगरू उतरवतात. यक्षगानही थांबतं आणि भूतकोलही. अजून पाऊस आलेला नसतो, आकाश निरभ्र असलं तरीही. त्या दिवसापासून माणसं शेताची.

आणखी खाली, कण्णूर-कासरगोडला, तेय्यम. मलयाळी तुलाम महिन्याच्या दहाव्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू, जूनच्या तोंडावर बंद. तिथे वण्णान, मलयन, वेलन अशा एरवी खालच्या मानलेल्या समाजांतला माणूस रात्रीपुरता देव होतो, आणि उच्च जातीचा जमीनदार त्याच्यापुढे वाकतो. रातीचो राजा ही म्हण तिथे मालवणीत कुणाला ठाऊक नसेल, पण अनुभव तोच, आणि जास्त धारदार.

भाषा चार, देव शेकडो, नटांच्या जाती वेगळ्या, राजवटी तर किती बदलल्या. हंगाम एकच. याचा अर्थ या कला एकीतून दुसरी निघाल्या असा आम्ही लावत नाही. त्यांचा एकमेकींशी संबंध होता यात शंका नाही, आणि त्यातला एक संबंध तर मराठी नाटकाच्या मुळाशी आहे. १८४२ साली उत्तर कन्नडमधल्या, होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी घाट चढून सांगलीला आली. त्यांचा खेळ बघून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करा म्हणून सांगितलं. १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं. आज आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. तो दिवस नेमका किनाऱ्यावरचे मेळ बाहेर पडायच्या दिवसांत येतो. योगायोग म्हणा, पण आम्हाला तो आवडतो.

पावसाचे चार महिने मग कलेला सुट्टी का? मुळीच नाही. इथेच या किनाऱ्याची बुद्धी दिसते. यक्षगानाचे कलाकार पावसाळ्यात ताळमद्दळे करतात. तोच प्रसंग, तेच भागवतांचं गाणं, तोच मद्दळा, पण वेश नाही, नाच नाही. घरात किंवा देवळाच्या ओवरीत समोरासमोर बसून नुसता वाद. कृष्ण आणि कर्ण साध्या सदऱ्यात बसून दोन-दोन तास भांडतात. शरीर आत कोंडलं गेलं म्हणून वाणी धारदार झाली. कोकणात त्या काळात श्रावणातले हरिनाम सप्ताह आहेत, गणपतीतल्या फुगड्या आहेत, आणि भजनाच्या डबल बाऱ्या आहेत, जिथे दोन बुवा एकमेकांना गाण्यातून कोंडीत पकडतात. गोव्यात माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो होतो. देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात लोक चिखलात लोळतात आणि लहान मुलांचे खेळ खेळतात. म्हणजे जो चिखल नाटकाला आडवा येतो त्याचाच उत्सव.

गोव्याचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेस, साष्टीतली देवळं पाडली. देव नदी ओलांडून गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. १५६० साली इन्क्विझिशन आली, ती मधला थोडा काळ सोडला तर १८१२पर्यंत होती. देव बदलले, धर्म बदलला, खेळांवर बंदी आली. पण शेत बदललं नाही. साष्टीतल्या राय गावात आजही ५ ऑगस्टला कणसाचं फेस्त होतं. भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. आणि २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा दिवस. युरोपात हा दिवस उन्हाळ्याच्या ऐन मध्याचा, तिथे होळ्या पेटवतात. गोव्यात तो भर पावसात सापडला. मग लोकांनी काय केलं? डोक्यावर फुलांचे कोपेल घालून भरलेल्या विहिरीत उड्या मारायला लागले. संत आले पोर्तुगालहून, विहीर इथली.

आता अवघड भागाकडे येऊ. आतापर्यंत ऐकून कुणाला वाटेल की जुनी व्यवस्था फार सुंदर होती आणि ती आपण घालवली. आम्ही तसं म्हणणार नाही. जत्रेत मान कुणाचा, पालखी कुणी धरायची, ढोल कुणी वाजवायचा आणि वाजवून कुठे उभं राहायचं, हे सगळं जातीने बांधलेलं होतं. बऱ्याच ठिकाणी अजून आहे. बायका प्रेक्षक होत्या, ओटी भरणाऱ्या होत्या, रंगात कधीच नव्हत्या. देवस्थान मंडळाला ठरलेलं मानधन देई, ते पिढ्यान्‌पिढ्या फारसं वाढत नसे, आणि पावसाळ्यात नट पुन्हा दुसऱ्याच्या मळ्यात. डोक्यावरचा बोजा ही काव्यातली गोष्ट नव्हती.

म्हणून मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तिकीट लावून दशावतार होऊ लागला, ट्रिकसीनवाले प्रयोग आले, धूर, दिवे, हवेतून येणारं चक्र आलं, तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती हे कबूल करतो. चूक होती. त्या तिकिटाने नटाला पहिल्यांदा पावसाळ्यात पगार दिला. त्याच्या मुलाच्या शाळेची फी त्यातून गेली. सिनेमांनीही काही केलं. २०२२चा 'कांतारा' बघून देशभरातल्या लोकांना भूतकोल हा शब्द कळला, २०२५ साली 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट आला आणि घाटावरची तरुण मुलं विचारू लागली की हे खरं कुठे बघायला मिळेल.

आमचं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. पर्यटनाचा हंगाम आणि जत्रेचा हंगाम वरवर एकच दिसतात, दोन्ही पावसानंतरचे. पण पर्यटनाला तारीख आधी लागते, वेळ लागते, आणि दोन तासांत संपणारं काहीतरी लागतं. गोव्यातला शिगमो बघा. सत्तरी-डिचोलीच्या गावांत घोडेमोडणी होते ती त्या गावच्या दिवशी, त्या गावच्या वाटेवरून, शिवेपर्यंत जाऊन परत. तीच घोडेमोडणी शहरातल्या मिरवणुकीत चित्ररथांच्या मध्ये येते तेव्हा ती परीक्षकांच्या स्टेजपुढे थांबते, चार मिनिटं नाचते आणि पुढे सरकते. नाचणारे तेच, पोशाख कदाचित जास्त चांगले, बक्षीसही मिळतं. पण शीव गेली. घोडा कुठून कुठे चालला आहे हेच उरलं नाही.

दशावताराचं तसंच. दीड तासाचा प्रयोग करायचा म्हटलं की सगळ्यात आधी काय कापतात? आडदशावतार. गणपती दोन मिनिटांचा होतो, संकासुर जातो. कारण आख्यानात गोष्ट असते आणि पूर्वरंगात 'काहीच घडत नाही'. आणि खरंच तिथे काही घडत नाही, गाव जमत असतं. उशिरा आलेले बसतात, पोरं संकासुराला घाबरून आईच्या मागे लपतात, त्या वर्षी ग्रामपंचायतीत काय झालं यावर संकासुर टोमणा मारतो आणि सरपंच सगळ्यांच्या आधी हसतो, हसावंच लागतं. हा टोमणा नाट्यगृहात मारता येत नाही. तिथे सरपंच कोण ते कुणालाच ठाऊक नसतं.

याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल, वर्षभर सोय करा. केरळात पारश्शिनिकडव इथे मुत्तप्पनचं तेय्यम जवळजवळ वर्षभर रोज होतं. नदीकाठचं देऊळ आहे, येणाऱ्याला प्रसाद मिळतो, चहाही मिळतो. पण ती त्या देवळाची स्वतःची रीत आहे, भाविकांच्या ओघाने टिकलेली. तिच्यावरून बाकीच्या कावांना बारमाही करा म्हणणं म्हणजे एका बारमाही विहिरीवरून सगळ्या शेतांना उन्हाळी भात लावा म्हणण्यासारखं आहे.

आणि ज्या पावसाने हे वेळापत्रक आखलं तोच आता पाळत नाही. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, ऐन हंगामाच्या दारात. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेलं भात शेतात आडवं केलं. २०२०च्या मार्चनंतरचा उरलेला हंगाम साथीने गिळला. २०२१च्या मेमध्ये तौक्ते. २०२५ साली मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात आणि मुंबईत पोहोचला. पत्तनाजे आणि पाऊस जवळजवळ हातात हात घालून आले. मे महिन्यातल्या शेवटच्या आठ-दहा रात्री ज्या मंडळाच्या हिशेबात असतात त्याला हे हवामानशास्त्र पाठ असतं. मांडवावर ताडपत्री टाकता येते. ओल्या मळ्यावर माणसं बसवता येत नाहीत.

तर मग आस्वाद घ्यायचा कसा? आता वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत, म्हणून या हंगामात जाणाऱ्यांसाठी कामापुरतं सांगतो. नाटक कधी सुरू होणार असं विचारू नका. पालखी कधी निघणार ते विचारा, नाटक त्यानंतर. संध्याकाळी पोचलात तर आधी ओटी किंवा नारळ द्या, मग गावात कुणाच्या तरी घरी जेवायला बोलावतील. जा, संकोच करू नका, जत्रेच्या दिवशी पाहुणा नसणं हीच घरच्यांना लाज. बसायला चटई आणि पांघरायला चादर न्या. डिसेंबरात पहाटे दव पडतं. पुढे बसू नका, पुढची जागा पोरांची. संकासुर येईपर्यंत जागे राहा, मग खुशाल झोपा, युद्धाच्या वेळी पखवाज उठवतो. आरतीचं ताट फिरेल, त्यात टाका, आणि जरा सढळ हाताने. पहाटे हंडी फुटल्यावर लगेच गाडी काढू नका. नट कोपऱ्यात बसून खोबरेल तेलाने रंग पुसत असतात, तेव्हा चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा. रात्री कर्णाचं काम कुणी केलं होतं ते त्यांना विचारायची गरज पडणार नाही. घसा कुणाचा बसला आहे त्यावरून कळतं.

आंगणेवाडीची तारीख कोणती म्हणून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. कौल झाल्यावर कळेल. रेल्वेचं आरक्षण त्या दिवशी दुपारपर्यंत संपतं, एवढं लक्षात ठेवा.